पिवळ्या डोळ्यांची हजेरी

जिथलं काही बाहेर सांगायचं नसतं, तिथले किस्से सगळ्यात जास्त साठतात! शाळेतली, बँकेतली, कचेरीतली माणसं रात्रीच्या जेवणाला बसली की दिवसभराचं सगळं ओतून मोकळी होतात. आम्ही एआरटी सेंटरवाले मात्र घरी गेलो की गप्प. एआरटी सेंटर म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या जिथं मिळतात ती जागा. लातूरच्या अशा एका सेंटरला मी समुपदेशक होते. दिवसभर बोलायचं आणि संध्याकाळी विसरायचं, अशी नोकरी! नवरा विचारायचा, "आज काय झालं?" मी म्हणायची, "काही नाही." पंधरा वर्षं "काही नाही" म्हणून म्हणून पोट फुगलंय. आता रिटायर झालेय, नावं-गावं बदलून टाकलीत, तेव्हा ऐका.

आमचं सेंटर म्हणजे मोजकी माणसं. एक डॉक्टर मॅडम, कमी बोलणाऱ्या. औषधाच्या खिडकीवर शेख सर, घरचं अत्तराचं दुकान भावाला देऊन फार्मसी शिकलेले आणि त्या गोष्टीचा आयुष्यभर अभिमान बाळगलेले. तिसरी मी. पेशंट मला ताई म्हणायचे.

आणि आमच्या पेशंट प्रभाबाई. खरं तर हे सगळे किस्से त्यांचेच आहेत, आम्ही आपले मधे मधे.

*

प्रभाबाई भूकंपाच्या पट्ट्यातल्या. भूकंपात घर गेलं, पुढं चार-पाच वर्षांत नवरा ह्याच आजारानं गेला, आणि लहान लेकीला घेऊन त्या लातूरला आल्या. तेव्हा लातूरात क्लासेसचं नुसतं पेव फुटलं होतं. जिल्ह्याजिल्ह्यातली पोरं डॉक्टर, इंजिनिअर व्हायला येऊन राहायची, आणि पोरं आली की त्यांना जेवण लागणारच. प्रभाबाईंनी दोन खोल्यांत मेस काढली. बघता बघता चाळीस ताटं झाली.

आता मेसच्या बाईला एचआयव्ही आहे, हे एका जरी पालकाला कळलं असतं, तरी दुसऱ्या दिवशी चाळीसच्या चाळीस ताटं पालथी! जेवणातून हा आजार जात नाही, हे मी पेशंटच्या नातेवाइकांना रोज घसा फोडून सांगायची. ऐकणारे मान हलवायचे आणि माझ्या टेबलावरचा चहा तसाच ठेवून जायचे.

म्हणून आमचा एक नियम होता. सेंटरच्या बाहेर पेशंट भेटला, तर आपण ओळख दाखवायची नाही.

एकदा रेणापूरला एका लग्नात जेवायला बसले, तर शेजारच्या पाटावर प्रभाबाई! नवरीच्या मावशीनं हौसेनं ओळख करून दिली. मी लगेच, "अय्या, मेस चालवता? छान! लातूरात कुठं राहता?"

प्रभाबाईंनी सगळा पत्ता सांगितला, गल्लीच्या कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीसकट. मी तो लक्ष देऊन ऐकला.

पुढच्या महिन्यात गोळ्या न्यायला आल्या तशा म्हणाल्या, "ताई, तीनदा माझ्या घरी च्या पिऊन गेलाव, अन् कुठं ऱ्हाता म्हणून इचारलाव! नाटकात जावा तुमी. हितं काय करायलाव?"

*

ह्या गोळ्यांचं एक असतं, वेळ चुकवायची नाही. प्रभाबाईंची वेळ संध्याकाळी आठची, म्हणजे नेमकी पंगत बसायची. त्यांनी मोबाईलला गजर लावला होता. गजर झाला की हातातलं पीठ झटकायचं, फळीवरचा तिखटाचा डबा काढायचा, गोळी तोंडात टाकायची, परत पोळपाटाशी. पोरांनी विचारलं तर "ताकदीची हाय."

अहमदपूरच्या एका मुलाची आई एकदा भेटायला आलेली. तिनं हे पाहिलं. बाई पहाटेपासून उभी, चाळीस पोरांची नावं, कुणाला कांदा चालत नाही, कुणाची कधी परीक्षा, सगळं तोंडपाठ! तिनं प्रभाबाईंना कोपऱ्यात घेतलं आणि म्हणाली, "ती गोळी आमच्या पोराला बी द्या. फिजिक्स ध्यानात ऱ्हाईना त्याच्या."

प्रभाबाई दुसऱ्या दिवशी धावत सेंटरला. "ताई, आता काय सांगू त्या बाईला?"

शेख सरांनी खिडकीतून साध्या बी-कॉम्प्लेक्सची एक स्ट्रिप काढून दिली. "ये दे दो. कुछ होता नहीं इससे."

तो पोरगा त्या वर्षी मेडिकलला लागला. पुढच्या जूनमध्ये गोळी मागायला तीन आया आल्या!

*

काही वर्षांनी प्रभाबाईंच्या पहिल्या गोळ्या चालेनाशा झाल्या आणि त्यांना सेकंड लाईनवर, म्हणजे दुसऱ्या फळीच्या औषधांवर, घ्यावं लागलं. त्यातल्या एका गोळीची गंमत अशी, की ती नीट खाल्ली तर बऱ्याच जणांचे डोळे पिवळसर दिसतात. यकृत खराब झालेलं नसतं, नुसता रंग चढतो. शेख सरांनी त्याची हजेरीच करून टाकली! पेशंट खिडकीशी आला की, "ऊपर देखो." डोळे पिवळे दिसले की, "हाजिर!" पांढरे दिसले की, "गोळ्या किधर फेके?"

आम्हालाही ते फार सोयीचं वाटायचं. माणूस खोटं बोलेल, डोळा कशाला बोलेल! पेशंटसुद्धा रांगेत असतानाच बोटांनी पापण्या ताणून तयार असायचे.

प्रभाबाईंच्या शेजारणीला मात्र हे काय माहीत? तिनं डोळे बघितले आणि त्यांना ओढत एका खेड्यात काविळीच्या माळवाल्याकडं नेलं. तो डोक्यावर एक छोटी माळ ठेवतो. कावीळ उतरली की माळ लांब होत होत गळ्यातून खाली येते म्हणतात. माळ आली खाली, डोळे तसेच. दुसरी माळ, डोळे तसेच. तिसऱ्या माळेनंतर त्या माणसानं हात जोडले. "बाई, बापाच्या काळापासून माळ घालतोय, पर असली कावीळ बघितली न्हाई. माझं नाव खराब हुईल. तुमी दुसरीकडं जावा!"

हे ऐकून शेख सर दिवसभर खूश होते. "देखा? माळेला घाबरत नाही आपली गोळी!"

*

त्या हजेरीनंच आमचा घात केला.

उन्हाळ्यात प्रभाबाई आल्या, तर डोळे नेहमीपेक्षा जास्तच पिवळे. शेख सर म्हणाले, "आज तो डबल हाजिर!" आम्ही सगळे हसलो. त्यासुद्धा हसल्या. मग मला म्हणाल्या, "ताई, अंग लई खाजतंय." मी म्हटलं, "दिवसभर गॅसपुढं उभ्या असता, घामोळं आलं असेल. खोबरेल लावा."

पुढच्या महिन्यात वजन चार किलो कमी. "ताई, लघवी हळदीच्या पाण्यावानी हुतीय." मी म्हटलं, "पाणी कमी पडतंय अंगात." नळाला आठ-आठ दिवस पाणी न येणाऱ्या गावात हे उत्तर कुणालाही पटलं असतं. मला तर स्वतःलाच पटलं.

तिसऱ्या खेपेला प्रभाबाईंनी गोळ्यांसाठी खिडकीतून हात आत घातला. शेख सरांनी बाटली पुढं केली आणि तशीच मागं घेतली. तळहातापासून कोपरापर्यंत खाजवून खाजवून रक्ताच्या रेघा उमटल्या होत्या.

"ठहरो," ते म्हणाले. "मेरी गोळी आँख पिवळी करती. खाजवती नहीं!"

खिडकीला कडी घालून ते तडक डॉक्टर मॅडमकडं गेले. मागं रांगेतले लोक ओरडताहेत, ह्यांना पर्वा नाही. मॅडमनी प्रभाबाईंना एकच प्रश्न विचारला, संडासचा रंग कसा आहे? प्रभाबाई लाजल्या. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "चुन्यावानी."

मॅडम खुर्चीतून उठल्याच. गोळीनं डोळे पिवळे होतात, पण लघवी गडद होत नाही, शौच पांढरं पडत नाही आणि अशी खाज तर मुळीच सुटत नाही. हे तिन्ही एकदम होतं ते पित्ताची वाट बंद झाली म्हणजे. त्याच दिवशी सोनोग्राफी झाली, मग सीटी स्कॅन, मग बाकीच्या तपासण्या. पित्तनळीत गाठ होती. कॅन्सर.

गाठ अजून पसरली नव्हती, एवढंच नशीब. मॅडम म्हणाल्या, "ऑपरेशन करून पूर्ण निघाली तर बाई जगेल. नाही काढली तर वर्षसुद्धा कठीण आहे."

आणि दोन महिने मी त्या बाईला खोबरेल आणि पाणी सांगत होते! अजून आठवलं की कान गरम होतात. चूक माझी होती, शेख सरांच्या चेष्टेवर ती ढकलायची माझी इच्छा नाही.

हजेरी त्या दिवसापासून बंद झाली. शेख सरांनी स्वतः एक पाटी रंगवून खिडकीवर लावली. 'डोळे पिवळे असतील तर अंगाची खाज, लघवीचा आणि संडासचा रंग डॉक्टरांना सांगा.' खाली बारीक अक्षरात, 'लाजू नका. हम भी जाते हैं.'

*

गावातल्या एका सर्जनकडं फाईल घेऊन गेलो. प्रभाबाई आणि मी. सर्जनसाहेबांनी स्कॅन पाहिला, मान हलवली, पान उलटलं. तिथं आमच्या सेंटरचं कार्ड होतं. त्यांनी फाईल बोटाच्या टोकानं माझ्याकडं सरकवली.

"एचआयव्ही आहे ना! मग एवढं मोठं ऑपरेशन कशाला? किती दिवस राहिलेत ते आनंदात जाऊ द्या. चांगलंचुंगलं खायला घाला."

मी बोलणार होते. रक्तात विषाणू सापडत नाही इतका दबलाय, प्रतिकारशक्ती चांगली आहे, सगळे कागद माझ्या पिशवीत होते. पण माझ्या आधी प्रभाबाई बोलल्या.

"साहेब, खायाला घालायचं काम माझं हाय. तुमी तुमचं काम सांगा!"

साहेबांनी बेल वाजवून पुढचा पेशंट बोलावला. बाहेर आल्यावर प्रभाबाई पायऱ्यांवर बसल्या आणि पहिल्यांदाच रडल्या. मी पण रडले. नियम वगैरे सगळा राहिला बाजूला.

डॉक्टर मॅडमनी मग हैदराबादच्या एका ओळखीच्या सर्जनला फोन लावला. मॅडमनी एचआयव्हीपासून सुरुवात केली, कोणत्या गोळ्या, किती वर्षं, रिपोर्ट कसे. पलीकडचा माणूस दोन मिनिटं ऐकून घेऊन म्हणाला, "मॅडम, ते सगळं तुम्ही उत्तम सांभाळलंय. आता गाठीबद्दल बोलूया का?"

*

आता मेसमध्ये काय सांगायचं, ह्याची मला धास्ती. दोन-तीन महिने बाई गायब होणार. मी रात्रभर विचार करून चार-पाच बहाणे तयार केले आणि सकाळीच त्यांच्या घरी गेले.

बघते तर घरात पाय ठेवायला जागा नाही! शेजारपाजार, किराणावाला, क्लासचे दोन मास्तर, पोरांचे पालक. कुणी शहाळं आणलंय, कुणी मोसंबी. तिखटाचा डबा होता त्या फळीवर अंगाऱ्याच्या पुड्या. ओळीनं सगळ्या बायका डोळे पुसताहेत आणि मधे प्रभाबाई, भिंतीला टेकून, तोंडावर चक्क हसू!

"या ताई, या!" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "ह्या माझ्या कॅन्सरच्या ताई."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या घरात चार माणसांदेखत शिरले. लोकांनी उठून मला जागा दिली.

गर्दी हटल्यावर मी म्हटलं, "प्रभाबाई, सगळ्यांना सांगून टाकलंत?"

"सांगितलं की. का न्हाई सांगायचं?" त्यांनी माझा हात धरला. "ताई, आयुष्यात पयल्यांदा सांगण्यासारखा आजार झालाय मला!"

मी एक मोसंबं सोललं आणि दोघींनी खाल्लं.

एकाही पालकानं पोरगं काढून नेलं नाही. प्रभाबाईंची लेक वैशाली नांदेडला शिक्षिका आहे. तिला आईचं सगळं माहीत होतं. तिनं बिनपगारी रजा टाकली, स्वयंपाकाच्या दोन बायकांवर मेस सोपवली, आणि आम्ही तिघी हैदराबादच्या गाडीत बसलो.

*

तिथं आधी एक बारीक नळी टाकून पित्ताला वाट करून दिली. आठवड्याभरात खाज गेली. प्रभाबाई म्हणाल्या, "झालं की, चला आता घरी!" त्यांना धरून बसवावं लागलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जन आले. पित्तनळी, स्वादुपिंडाचं डोकं, आतड्याचा तुकडा असं सगळं काढायचं आणि उरलेलं परत जोडायचं, हे त्यांनी कागदावर चित्र काढून हिंदीत समजावलं. सात-आठ तास लागतील. धोका आहे. जीवसुद्धा जाऊ शकतो. सही करायच्या आधी नीट विचार करा.

वैशालीनं पेन खाली ठेवलं. प्रभाबाईंनी चित्र उलटसुलट बघितलं.

"डाक्टरसाब," त्या आपल्या लातुरी हिंदीत म्हणाल्या, "भूकंप में मैं पहाट से दुपार तक माळवद के नीचे थी. तब तो भूल भी नहीं दिए थे!"

सर्जनला माळवद कळेना. मी सांगितलं, आमच्याकडचं मातीचं धाब्याचं छप्पर. त्यांनी चित्राचा कागद घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "कल सुबह पहला नंबर आपका."

नऊ तास लागले. दर अर्ध्या तासाला शेख सरांचा फोन. "क्या हुआ?" मी म्हणायची, "अजून आतच आहेत." दहाव्या फोनला मी ओरडले, "सर, तुम्ही खिडकी सांभाळा!" ते म्हणाले, "खिडकी बंद है. सब रांगवाले भी पूछ रहे." रांगेतल्या लोकांना कुणी काही सांगितलं नव्हतं. कळलं कसं, देव जाणे!

सर्जन बाहेर आले आणि मास्क खाली ओढून म्हणाले, "पूरा निकल गया." वैशालीनं माझ्या हातातला फोन घेऊन शेख सरांना लावला. मला रडू आलं ते थांबेचना.

पुढं किमो झाली. किमोचं औषध आणि आमच्या गोळ्या एकमेकांशी भांडू नयेत, म्हणून डॉक्टर मॅडम आणि हैदराबादवाले फोनवर तासन्‌तास डोकं लावायचे. मॅडमनी आमची गोळीच बदलली. प्रभाबाईंचे डोळे पार पांढरेशुभ्र झाले. शेवटच्या भेटीत सर्जन म्हणाले, दर तीन महिन्यांनी तपासणीला या. पाच वर्षं काही निघालं नाही, तर मग आपण म्हणू की गेला.

"पाच वर्षं," प्रभाबाई म्हणाल्या. परतीच्या प्रवासात त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या.

*

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी प्रभाबाईंचा फोन. "ताई, जरा येताव का? एक कागुद वाचायचाय." आवाजावरून मला वाटलं, रिपोर्टमध्ये काही आलं. रिक्षा करून गेले.

क्लासेसच्या गल्लीत एका नव्या इमारतीखाली, मोठ्या हॉलमध्ये त्या उभ्या होत्या. डोक्याला रुमाल, अंगावर मांस नाही, हातात टेप. खिडकीपासून भिंतीपर्यंत अंतर मोजत होत्या.

"हितं शंभर ताटं बसतील," त्या म्हणाल्या.

घरमालक खुर्चीत बसले होते. सगळे त्यांना आण्णा म्हणत. वय सत्तरीच्या पुढचं, पोट सुटलेलं, जिना उतरून आले होते तर अजून धापच लागलेली. हातात भाडेकरार.

मी वाचला. नेहमीसारखा अकरा महिन्यांचा होता.

"असा न्हाई पायजे," प्रभाबाई म्हणाल्या. "पाच वर्षाचा करा."

"बाई, सगळेच अकरा महिन्याचा करतेत. मग वाढवायचा."

"मला पाचचाच पायजे."

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. मग इकडंतिकडं बघितलं. माणूस वाईट नव्हता, फार अवघडला होता.

"प्रभाबाई, राग मानू नका. तुमचं ते कॅन्सरचं सगळ्या गल्लीला ठाऊक हाय. पाच वर्षं म्हंजे... कसं लिवावं मी? उद्याचं कुणी बघितलंय?"

मला वाटलं, मधे पडावं. तोंड उघडलंसुद्धा. पण प्रभाबाईंनी शांतपणे टेप गुंडाळला, पदराला हात पुसले आणि त्यांच्यासमोर दुसरी खुर्ची ओढून बसल्या.

"आण्णा, मला दर तीन महिन्याला हैद्राबादचे डाक्टर मशिनीत घालून डोक्यापासून पायापत्तुर बघतेत. तुमाला कोण बघतंय?"

आण्णांनी एकदा स्वतःच्या पोटाकडं बघितलं. मग खिशातून पेन काढलं आणि अकरा महिने खोडले.